बारा हजार फोटोंत हरवलेलं लाईटबिल

मागच्या जूनमध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना घेऊन बँकेत केवायसीला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी लाईटबिल मागितलं, मी म्हटलं आहे ना मोबाईलमध्ये, आणि मग जी शोधत बसले ती बसलेच. शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, पोराच्या वहीतला गणिताचा अभ्यास, कुणाच्या तरी वास्तुशांतीचे चाळीस फोटो, परत शुभ सकाळ, एका रिक्षाच्या पाठीचा फोटो (हा का काढला होता देव जाणे). गॅलरीत बारा हजारांवर फोटो आणि त्यात कुठेतरी एक लाईटबिल. मागे लाईन वाढायला लागली, एक काका "ताई, जरा बाजूला होऊन बघता का" म्हणाले, तेवढ्यात अण्णांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि चार घड्या घातलेलं बिल काउंटरवर ठेवलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्या मोबाईलपेक्षा माझी पिशवी बरी गं."

लागलं मला ते, पण खरंच होतं. त्यांच्या पिशवीत मोजून पंधरा-वीस कागद आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, माझ्याकडे सगळं आहे पण कुठे आहे ते मलाच माहीत नाही. मग दोन रविवार बसले आणि मोबाईल अण्णांच्या पिशवीसारखा लावला. काय काय केलं ते लिहिते. नवीन ॲप जवळजवळ एकही घेतलं नाही हे आधीच सांगते, कारण अशा टिपा म्हटलं की लोक दहा ॲपची यादी देतात आणि महिन्याने ती दहा ॲपच आवरत बसावं लागतं.

आधी कागद

कागदाचा फोटो काढू नका, स्कॅन करा. फोटो गॅलरीत जातो आणि गुलाबाच्या फुलांत हरवतो, स्कॅन केला की पीडीएफ होते आणि ती तुम्ही सांगाल तिथे जाऊन बसते. अँड्रॉइड फोनमध्ये गूगल ड्राईव्ह बहुतेक आधीपासूनच असतं, ते उघडून अधिकचं चिन्ह दाबायचं, स्कॅन म्हणायचं, बास. आयफोनवाल्यांना नोट्समध्येच स्कॅनची सोय आहे. कागद खिडकीजवळ ठेवा आणि खाली गडद रंगाची चादर घ्या, पांढऱ्या टाईल्सवर पांढरा कागद ठेवला की कडा कुठे आहेत ते कॅमेऱ्याला कळत नाही आणि मग अर्धी फरशीपण स्कॅन होते. आधारची पुढची आणि मागची बाजू एकाच पीडीएफमध्ये घ्या, वेगवेगळ्या ठेवल्या की ऐनवेळी एकच सापडते आणि ती नेमकी चुकीची असते.

आता खरी गंमत नावात आहे. स्कॅन झाल्यावर ते आपलं आपण काहीतरी लांबलचक आकड्यांचं नाव देतं आणि आपण घाईत सेव्ह करून मोकळे होतो, इथेच सगळं बिघडतं. मी एकच नियम केला, समोरचा माणूस जो शब्द वापरून कागद मागेल तोच शब्द नावात पहिला. "लाईटबिल सातारा 2025-06". "आधार अण्णा". "पॉलिसी गाडी 2025". बघा, तारीख लिहिताना आधी वर्ष मग महिना लिहिलाय, तसं लिहिलं की यादीत बिलं आपोआप ओळीने लागतात, उलटं लिहिलं तर सगळ्या वर्षांचे जानेवारी एकत्र येतात आणि डोकं फिरतं. नाव मराठीत ठेवायचं का इंग्रजीत, तर शोधताना तुम्ही जे टाईप करणार त्यात. फक्त सरकारी फॉर्मवर अपलोड करायच्या फाईलला इंग्रजी छोटं नाव द्या आणि मधे मोकळी जागा सोडू नका, काही साईट देवनागरी नाव असलेली फाईल घेतच नाहीत आणि एरर असा दाखवतात की आपल्याला वाटतं नेटच गेलं.

फोल्डर किती? माणशी एक, शिवाय घर, गाडी आणि शेत. झालं. फोल्डरात फोल्डर त्यात फोल्डर असलं काही करू नका, मी पहिल्या रविवारी उत्साहाने तेच केलं होतं आणि दुसऱ्या रविवारी मोडलं. घर आणि गाडी ही दोन फोल्डर नवऱ्यालाही शेअर केलीत, त्यामुळे "अगं गाडीचे पेपर पाठव" हा दुपारी दोनचा फोन बंद झाला. आणि एक महत्त्वाचं, जे कागद बाहेर लागतात त्यांच्यापुढच्या तीन टिंबांवर जाऊन ते ऑफलाईन ठेवा. कचेऱ्यांच्या तळमजल्यावर रेंज नसते हा अनुभव सगळ्यांना आहे, त्यात ड्राईव्हचं चाक गोल गोल फिरत बसलं की परत अण्णांची पिशवी जिंकते.

आधारची पीडीएफ साईटवरून उतरवली तर ती पासवर्ड मागते आणि निम्मे लोक तिथेच अडकतात. पासवर्ड म्हणजे आधारवर जसं आहे तसं नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि त्याला जोडून जन्माचं वर्ष. जन्मतारीख नाही, फक्त वर्ष. पॅनच्या पीडीएफला मात्र पूर्ण जन्मतारीख लागते, दिवस-महिना-वर्ष, मधे काही चिन्ह न टाकता.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, 2015 सालापासून आहे पण आमच्या घरात तो फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आठवायचा. त्यात दोन कप्पे असतात आणि हा फरक लक्षात ठेवाच. एक इश्यूड, म्हणजे खात्याने थेट दिलेलं डॉक्युमेंट, आणि दुसरा अपलोडेड, म्हणजे आपणच फोटो काढून चढवलेलं. कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरतात ते पहिलं. नवऱ्याने लायसनचा फोटो काढून चढवला होता आणि वर्षभर "माझं डिजिलॉकरमध्ये आहे" म्हणून फिरत होता, ते नुसतं चित्र होतं. लायसन आणि आरसी दोन्ही इश्यूडमध्ये आणून ठेवा, नंबर टाकला की दोन मिनिटांत येतं. शेत असेल तर सातबाराही आता डिजिटल सहीचा मिळतो, महाभूमीच्या साईटवर 15 रुपयांत, तो उतरवून शेताच्या फोल्डरात टाका.

आणि झेरॉक्सच्या दुकानाबद्दल बोलायलाच हवं. आपण सगळे तिथे जाऊन भिंतीवर लिहिलेल्या नंबरवर आधार व्हॉट्सॲप करतो, तो मुलगा कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट काढतो, पाच रुपये, निघालो. तो आधार तिथेच राहिला. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साईटवरच मिळतो. आणि प्रिंट हातात आली की उभ्या उभ्या तो मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करा, दोनेक दिवस उलटल्यावर तो पर्याय राहत नाही. त्याने आधीच डाउनलोड केला असेल तर तेही त्याला सांगून काढून घ्या, लाजायचं काय त्यात.

व्हॉट्सॲपचा केर काढणं

बारा हजारातले आठ-नऊ हजार फोटो व्हॉट्सॲपचे होते. आता एकेक काढत बसायचं नाही, नळ आधी बंद करायचा आणि मग फरशी पुसायची. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा आहे, तिथे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, हवा तो फोटो तुम्ही टॅप केला की उतरेल. दुसरं, चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी आहे ती बंद केली की यापुढचे फोटो गॅलरीत येतच नाहीत (आधीचे तसेच राहतात, ते हातानेच काढायचे). मी सगळ्यांसाठी बंद केलं आणि फक्त बहीण आणि मुलाच्या शाळेचा ग्रुप, या दोनच चॅटमध्ये जाऊन चालू ठेवलं.

मग फरशी. त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेज उघडलं की वरच दोन ढीग दिसतात, 5 एमबीपेक्षा मोठ्या फाईली आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या. दुसरा ढीग डोळे झाकून उडवला तरी चालतो, मला तरी अजून एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. पहिल्यात मात्र बघून, त्यात भाच्याच्या बारशाचा व्हिडिओही असतो.

हे सगळं कशासाठी, तर गूगलची फुकट जागा 15 जीबीच आहे आणि त्यात जीमेल, ड्राईव्ह, फोटो सगळ्यांचा हिस्सा, अँड्रॉइडवर आता व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्यातच. 1 जून 2021 च्या आधी फोटो जरा कमी क्वालिटीत ठेवले तर मोजले जात नव्हते, त्यामुळे अजून पुष्कळांना वाटतं की फोटोंना जागा लागतच नाही. लागते. आणि ती भरली की मेल येणंसुद्धा थांबतं. माझ्या एका मैत्रिणीच्या इंटरव्ह्यूचा मेल असाच आला नाही, मेलबॉक्स शुभ सकाळने भरला होता म्हणा ना.

आता व्हॉट्सॲपचा चांगला उपयोग. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, नवीन चॅट उघडलं की यादीत वरती आपलंच नाव दिसतं. तो चॅट मी सगळ्यात वर पिन करून ठेवलाय आणि ती माझी रफ वही आहे. किराणा, मुलाच्या बुटाचा नंबर, लिफ्टमध्ये सुचलेलं काहीही, बोलून व्हॉइस मेसेजसुद्धा. नोट्सची शहाणी ॲप मी तीन वापरून सोडली कारण ती उघडायलाच विसरायचे, व्हॉट्सॲप उघडायला कोण विसरतंय. फक्त वही रफच ठेवा, रविवारी बघायचं, जपायचं ते योग्य जागी टाकायचं आणि बाकी साफ.

कागद किंवा चांगला फोटो कुणाला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि मग बारीक अक्षरं फुटतात.

प्लंबर पाटील, पाटील प्लंबर नाही

कॉन्टॅक्ट सेव्ह करताना काम आधी, नाव नंतर. आमच्याकडे पाटील नावाचे अकरा कॉन्टॅक्ट होते, त्यातला प्लंबर कोणता हे टाकीतून पाणी वाहत असताना आठवत नाही. आता "प्लंबर पाटील टाकीवाला", "प्लंबर शेजारच्यांचा", "इलेक्ट्रिशियन मोरे शाळेमागे", नुसतं प्लंबर टाईप केलं की सगळे प्लंबर ओळीने उभे. ज्याला परत बोलवायचं नाही त्याच्या नावापुढे "नको" लिहून ठेवलंय, डिलीट करत नाही, कारण डिलीट केलं की दोन वर्षांनी परत कुणीतरी तोच नंबर देतं.

आणि कृपा करून एटीएमचा पिन कॉन्टॅक्टमध्ये लपवू नका. प्रत्येक घरात एक "एटीएम मामा" असतो ज्याचा नंबर चारच आकडी असतो. मोबाईल चोराच्या हातात पडला तर तो पहिल्यांदा हेच शोधतो, एवढं त्यालाही कळतं. पिन डोक्यात ठेवा, पासवर्ड फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

तारखा, आणि तिथी

गजर वेगळा आणि आठवण वेगळी, आपण सगळं गजराला टाकतो आणि मग झोपेत बंद करतो. वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टी कॅलेंडरमध्ये दरवर्षी रिपीट करून टाका आणि सूचना दोन लावा, एक पंधरा दिवस आधी आणि एक आदल्या दिवशी. गाडीचा विमा, पीयूसी, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, आरओचा फिल्टर. गाडीच्या विम्याचं तर नक्कीच, संपून 90 दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आमचा गेलाय, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतेय. टाईप करायचा कंटाळा असेल तर फोनला मराठीत सांगा, "उद्या सकाळी आठ वाजता गॅसचा नंबर लावायची आठवण कर", कळतं त्याला. बँकेच्या ईएमआयचं कॅलेंडरमध्ये टाकू नका, ते तसंही कापलं जातं, आठवणी जास्त झाल्या की आपण सगळ्याच न बघता बाजूला सारतो.

तिथीचं मात्र फोनला जमत नाही. अण्णांचा वाढदिवस तिथीने, आजेसासूबाईंचं श्राद्ध तिथीने, आणि कॅलेंडर रिपीट करतं ती तारीख. यावर माझा उपाय एकदम जुना आहे, जानेवारीत कालनिर्णय घेऊन बसायचं आणि वर्षभराच्या सात-आठ तिथ्या शोधून त्या त्या तारखेला फोनमध्ये टाकायच्या, रिपीट न करता. वीस मिनिटांचं काम. सासूबाई तिथ्या सांगतात, मी टाकते, मधे कोण कधी गेलं याच्या गोष्टी निघतात आणि वीस मिनिटांचा दीड तास होतो.

दुधाचा हिशोब मी मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरवरच ठेवलाय. दूध घेणारा घरात जो कोणी असेल तो पेन उचलून लिहितो, त्याला माझा फोन लागत नाही. सगळंच मोबाईलमध्ये घालायची हौस नको.

टायपिंग वाचवायचं असेल तर

दिवसातून तीनदा पत्ता टाईप करता? जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी, तिथे पूर्ण पत्ता लिहा आणि शॉर्टकट म्हणून "पपप" असलं काहीतरी द्या जे एरवी कधी टाईप होत नाही. मग तीन अक्षरं मारली की वरच्या पट्टीत अख्खा पत्ता येतो. यूपीआय आयडी, ईमेल, मुलाचा शाळेचा रजिस्टर नंबर, सगळं असंच ठेवता येतं. पिन आणि पासवर्ड नाही, परत सांगते.

लांब मेसेज असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, भाषा मराठी निवडलेली असली पाहिजे नाहीतर तो आपल्या मराठीचं इंग्रजी करून भलतंच छापतो. जोडाक्षरं चांगली येतात, पूर्णविराम मात्र स्वतः टाकायचे. चुकलेल्या अक्षरावर बोट नेमकं टेकत नसेल तर स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवा, कर्सर तसा सरकतो. हे मला दहा वर्षांच्या मुलाने शिकवलं.

लाईटबिलावरचा ग्राहक क्रमांक, महावितरणचा तो बारा आकडी, बघून बघून टाईप करत बसू नका. गूगल लेन्स बिलावर धरा, आकड्यावर बोट ठेवा, कॉपी, पेस्ट. एकदा केला की रफ वहीत ठेवून द्या, पुढच्या वेळी लेन्सही नको.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी तीनच गोष्टी. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, पहिल्यांदा ती चालू करायला विचारतं. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा कापून घेता येतो. चुकून टॅब बंद झाली तर कंट्रोल, शिफ्ट, टी. ही शेवटची माहीत नसताना मी किती वेळा कपाळावर हात मारलाय.

आणि मोबाईलच हरवला तर?

हा प्रश्न अण्णांचा. मी मोठ्या ऐटीत त्यांना सगळं दाखवलं, फोल्डर, नावं, ऑफलाईन, त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "आणि हा बसमध्ये पडला तर?" बरोबर आहे. पिशवी पडली तर वीस कागद जातात, फोन पडला तर घर जातं.

म्हणून एक कागद करायचा. खराखुरा कागद, पेनाने. फोनवर *#06# डायल केलं की आयएमईआय नंबर दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील, दोन्ही लिहा. फोन चोरीला गेला की पोलिसांत तक्रार द्यायची आणि संचार साथी या सरकारी साईटवर जाऊन तो ब्लॉक करायचा, तिथे हाच नंबर लागतो आणि तेव्हा तो बघायला फोन हातात नसतो. सिम बंद करायला कंपनीचा नंबर, बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर, आणि पैसे गेले असतील तर 1930, हा सायबर फसवणुकीचा, जितक्या लवकर लावाल तितकं बरं. गूगल अकाउंटला दुसऱ्या पायरीची पडताळणी लावली असेल तर बॅकअप कोडही मिळतात, दहा असतात, तेही लिहून ठेवा, नाहीतर नवीन फोन घेऊनसुद्धा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो आणि आपण दाराबाहेर. शेवटी घरातल्या दोघांचे मोबाईल नंबर. हसू नका, आपल्या नवऱ्याचा नंबर पाठ आहे का तो न बघता म्हणून बघा.

कागदाच्या दोन प्रती केल्या, एक कपाटात. दुसरी घडी घालून अण्णांच्या फोल्डरात, लाईटबिलाच्या मागे.